बाईंचं उरलेलं बेट

नानांना ते बेट पहिल्याच संध्याकाळी मिळालं, आणि घरातली सगळी भानगड तिथून सुरू झाली.

मिळालं म्हणजे रेडिओवर मिळालं. नाना आणि बाई, दोघंही नवरा-बायको हौशी रेडिओवाले. परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरात संच मांडायचा, छपरावर तार ताणायची आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आपल्यासारख्याच एखाद्या रिकामटेकड्याला हाक मारायची, असा हा छंद. त्याने ओ दिली, आपली खूण, म्हणजे कॉलसाइन, त्याला कळली, त्याची आपल्याला कळली, की झाली भेट. एवढ्याशा भेटीसाठी माणसं ताटावरून उठतात. यात काय मजा असते हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगता येत नाही, आणि बाईंनी तो नाद केव्हाच सोडून दिला होता.

बाई शाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या. शाळा सुटून बरीच वर्षं झाली, तरी सगळे त्यांना बाईच म्हणत. चिडवायचं असलं की नानासुद्धा. फळ्याकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ करून लिहिताना, मागे कुठल्या बाकावर कोण कुजबुजतंय हे त्या न वळता सांगत. तेच कान पुढे रेडिओला उपयोगी पडले. मोर्सची टकटक त्या अशी ऐकत, की पलीकडचा माणूस थकलाय, घाईत आहे की नवशिका आहे, हेही त्यांना कळे.

नाना नकाशांच्या कचेरीत होते. त्यांचा सगळा भरवसा डोळ्यांवर. जे कागदावर दिसत नाही ते नानांच्या लेखी नसायचंच.

आता, हौशी रेडिओवाल्यांनी जगाचे तीनशेच्या वर तुकडे मानलेले आहेत. त्यात मोठे देश आहेत, तशी समुद्रातली नखाएवढी बेटंही आहेत. बाईंनी उभ्या आयुष्यात एकेक करत त्या सगळ्यांशी भेट घेतली होती. एक सोडून. राहिलं होतं ते दक्षिणेकडच्या थंड समुद्रातलं एक ओसाड बेट. तिथे पक्षी आणि वारा यांच्याशिवाय वस्तीला कोणी नाही, मग हाकेला ओ देणार कोण? कधीतरी चार-सहा वेडे जहाज ठरवून, तंबू आणि जनरेटर घेऊन तिथे उतरतात, थोडे दिवस जगाला ओ देतात आणि जीव मुठीत धरून परत येतात. मागच्या खेपेला माणसं तिथे गेली, तेव्हा बाईंची लेक पहिलीत होती आणि नेमका तिला गोवर निघाला होता. बाई लेकीच्या उशाशी बसल्या आणि बेट निघून गेलं. त्या लेकीची मुलं आता कॉलेजात आहेत. पुढची खेप कधी, आणि तेव्हा बाईंचे कान असतील का, बाई तरी असतील का, हा हिशोब न मांडलेलाच बरा होता.

अशा वेळी वेडे पुन्हा बेटावर उतरले. आणि पहिल्याच संध्याकाळी नाना पुढच्या खोलीतून ओरडले,

"अगं, मिळालं!"

"काय मिळालं?" बाईंच्या हातात चहाची गाळणी होती.

"बेट! तू चहा गाळत होतीस ना, तेवढ्यात. टिचकी मारली, एकदा हाक दिली, लगेच ओ! दुसरं कोणी नव्हतंच गं तिथे."

नानांच्या खाती सगळे मिळून जेमतेम शंभरेक प्रदेश. काडेपेटी आणायला दुकानात गेलेल्या माणसाला सोडतीत स्कूटर लागावी, तसं झालं होतं. बाई "अभिनंदन" म्हणाल्या. शेजारच्याचं बघून पहिला आलेल्या मुलाला त्या ज्या आवाजात शाबासकी देत, त्याच आवाजात.

टिचकी मारली, असं नाना म्हणाले त्याचा अर्थ असा. नानांकडे एक काळी डबी होती, साबणाच्या वडीहून जराशी मोठी. जावयाने वाढदिवसाला दिलेली. तिला बटण नाही, तबकडी नाही. ती लॅपटॉपला जोडायची. रेडिओने करायचं सगळं काम लॅपटॉपमधला प्रोग्रॅम करतो. पडद्यावर लहरींचा अख्खा पट्टा एकदम दिसतो. प्रत्येक स्टेशन म्हणजे वरून खाली ओघळत येणारी एक उजळ रेघ. नाना त्याला धबधबा म्हणत. हव्या त्या रेघेवर माऊसने टिचकी मारायची, की तुम्ही बरोबर त्या जागेवर. केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

बाईंचा संच मागच्या खोलीत. पाठवायचा भाग त्यांनी स्वतः बांधलेला. पत्र्याचा सांगाडा, आत काचेचे व्हॉल्व्ह, पुढे बशीएवढी तबकडी. ऐकायचा भाग वेगळा. एका बुडीत निघालेल्या जहाज कंपनीच्या लिलावातला. तो जागचा हलवायला दोन माणसं लागत आणि दोघांचीही कंबर धरे. संच तापायला वेळ घेई, आणि पुरता तापेपर्यंत त्याचा सूर हळूहळू सरकत राही. किती तापला की किती सरकतो हे बाईंच्या बोटांना पाठ होतं. आजवरच्या सगळ्या भेटी त्यांनी याच संचावर घेतलेल्या.

रविवारी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत रेडिओ मंडळ भरे, तिथेही हेच दोन तट होते. पेटीवाले आणि डबीवाले. "पेटीवाल्यांनो, हिवाळ्यात बरं पडत असेल, खोली गरम राहते," असं डबीवाल्यांनी म्हणायचं. "डबीवाल्यांनो, वीज गेली की तुमचा रेडिओ कुठे असतो हो?" असं पेटीवाल्यांनी म्हणायचं. "आणि तुमचा काय पाण्यावर चालतो?" असं पुन्हा डबीवाल्यांनी. डबीवाल्यांचे पुढारी म्हणजे वकील. त्यांनी तर भिंतभर पडदा लावला होता. आणि त्यांचंही, योगायोग म्हणा, सगळं जग झालेलं होतं. उरलं होतं तेच एक बेट.

दुसऱ्या दिवसापासून बाई रोज संध्याकाळी संचापाशी बसू लागल्या. घरच्या ठरावाप्रमाणे छपरावरची तार सकाळी बाईंची आणि संध्याकाळी नानांची. पण बेट ऐकू येई ते संध्याकाळीच. "तारेची काळजी करू नकोस, माझं काय, झालंच आहे," नाना उदारपणे म्हणाले, आणि त्या उदारपणाने बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

एव्हाना जगभर खबर पसरली होती. बेटावरचा माणूस एकदा "बोला" म्हणे, की हजारो माणसं एकदम तुटून पडत. बाई हाक मारत. ओ मिळे दुसऱ्याच कुणाला. पुन्हा हाक, पुन्हा दुसराच. अंधार पडला की बेट विरत जाई आणि बाई कानांवरचे हेडफोन काढून पोळी लाटायला उठत.

इकडे नाना गप्प बसतील तर शपथ. पेपरवाल्याला सांगून झालं. वरच्या मजल्यावरच्यांना सांगून झालं. दाताच्या डॉक्टरकडे गेले, तर तोंडात आरसा असताना त्यालाही सांगितलं. डॉक्टरला वाटलं, नानांनी बेटच विकत घेतलं.

"अहो, पुरे आता," बाई म्हणाल्या.

"मी काय म्हणतो," नानांनी खुर्ची जवळ ओढली, "तू माझ्या टेबलावर बस. टिचकी मार. कॉलसाइन तुझीच वापर. दोन मिनिटांचं काम आहे."

"उत्तरपत्रिकेवर नाव माझं आणि अक्षर शेजारच्याचं, असं होईल ते."

"मग नुसतं बघ तरी! लोक कुठे हाका मारतायत ते दिसतं त्यात."

"शेजारच्याच्या पेपरात बघणं म्हणजेसुद्धा कॉपीच."

"देवा रे," नाना म्हणाले. "अगं, परीक्षा संपून जमाना झाला! परीक्षक कोण आहे इथे?"

"मी आहे," बाई म्हणाल्या.

नानांनी खुर्ची पुन्हा मागे ओढली. लग्न झाल्यापासून ते हेच करत आले होते.

वकिलांचा रोज फोन येई. "काय बाई, झालं का? नाही, माझंही नाही झालं. पण मला सगळं समोर दिसतंय हो. आज ना उद्या होणारच. तुम्ही मात्र अंधारात चाचपडताय, म्हणून वाईट वाटतं." त्यांना खरंच वाईट वाटे की नाही कोण जाणे, पण आवाजात तुपासारखं काहीतरी वितळत असे. बाई "हो, हो" म्हणून फोन ठेवत आणि भांडी जरा जोरात घासत.

आणि मग एके दिवशी दुपारी नाना लॅपटॉपवरून उठून थेट मागच्या खोलीत आले. चेहऱ्यावर नेहमीची चेष्टा नव्हती.

"बेटावरून निरोप आलाय. समुद्र खवळायला लागलाय, जहाजाचा कप्तान थांबायला तयार नाही. उद्या सकाळी तंबू आवरणार. आजची संध्याकाळ शेवटची."

बाई उठल्या आणि त्यांनी संच चालू केला. नेहमीपेक्षा कितीतरी आधी. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले.

ऊन कलल्यावर बेट उगवलं. हेडफोनमध्ये ती ओळखीची टकटक, जराशी लंगडी, लांब रेघ ओढताना किंचित रेंगाळणारी. इतक्या दिवसांत बाईंना तो माणूस ओळखीचा झाला होता. त्याचा हात थकला होता हेही त्यांना ऐकू येत होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बेटावरचा माणूस एका जागी बोलतो आणि ऐकतो मात्र त्याच्या जरा वरच्या पट्ट्यात. नाहीतर हाका मारणाऱ्यांच्या गोंगाटात त्याचाच आवाज बुडून जाईल. पण त्या वरच्या पट्ट्यात तो नेमका कुठे कान देऊन बसलाय, हे तो सांगत नाही. ते ज्याचं त्याने शोधायचं. बाईंचा एक कान बेटावर. वर काय चाललंय ते ऐकायला जावं तर बेट सुटे. म्हणजे वर्गाच्या दाराबाहेर उभं राहून आतल्या शिक्षकाचा आवाज तेवढा ऐकावा, तसं. मुलं कुठे बसलीत, कोण हात वर करतंय, काही पत्ता नाही.

त्यांनी हाक मारली. ओ दुसऱ्याला. तबकडी जरा फिरवली, हाक मारली. ओ तिसऱ्याला. मग तर एकदा हाक देताना त्यांच्याकडून स्वतःच्याच खुणेतलं एक अक्षर चुकलं. बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि त्या नुसत्याच बसून राहिल्या.

नाना दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"बंद करते आता," बाई म्हणाल्या. "नसतं काही काही माणसाच्या वाट्याला."

"अगं, एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा."

"मी उभी नोकरी नकाशे काढले. माझा नकाशा बघून कुणी डोंगर चढला, तर त्याला आपण म्हणतो का, की बाबा, तू चढलाच नाहीस, नानाच चढले?"

बाईंनी संचाच्या बटणाकडे नेलेला हात मागे घेतला.

"हाक माझ्याच संचावरून जाईल," त्या म्हणाल्या.

"जाऊ दे की. मी कुठे नाही म्हणतोय?"

"आणि तुमच्या त्या माऊसला मी हात लावणार नाही."

"लावू नकोस. मीही लावू देणार नाही."

नाना तरुण पोरासारखे पळाले. लॅपटॉप आला, डबी आली, गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवरून एक वायर आली, तिच्याबरोबर एक ओला पंचाही आला. छपरावरची तार बाईंच्या संचाला होती, म्हणून डबीला ऐकायला ही दोरीवरची वायर. आणि मग नानांच्या लक्षात आलं.

"थांब, थांब! तुझा एवढा दांडगा संच. तू इथे ती मोर्सची कळ दाबलीस की शेजारी माझी डबी भाजून निघेल."

"मग राहू द्या."

"राहू द्या काय? मी वायर काढत जातो. तू 'काढा' म्हण, मी काढतो. तुझी हाक झाली की लावतो."

"जमेल?"

"न जमायला काय झालं? उभा जन्म तू म्हणशील ते काढतोय आणि ठेवतोय."

बाई पडद्याकडे वळल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. निळ्या-काळ्या पाण्यावर पांढऱ्या रेघा ओघळत होत्या. डाव्या अंगाला एकटी रेघ, ती बेटाची. तिच्या उजवीकडे, वरच्या पट्ट्यात, हाका मारणाऱ्यांचा बाजार. आणि त्या बाजारात एके ठिकाणी पांढरा फटक जाड खांब.

"हे काय?"

"तिथे सगळे ओरडतायत," नाना म्हणाले. "मघाशी ज्याला ओ मिळाली तो नेमका तिथे होता. त्याची रेघ दिसली की सगळे त्याच्यावर टिचकी मारतात. मीही तेच सांगणार होतो तुला. तिथेच जा."

"सगळे? बरोबर त्याच जागी?"

"केसभर इकडे नाही की तिकडे नाही," नाना अभिमानाने म्हणाले.

बाई बघत राहिल्या. हेडफोन एका कानावर, डोळे पडद्यावर. बेटाने कुणाचं तरी नाव घेतलं. गर्दी क्षणभर थांबली आणि ज्याचं नाव घेतलं होतं त्याची एकटी बारीक रेघ उमटली, खांबाच्या जरा उजवीकडे. ती संपते न संपते, तोवर सगळा खांब उचलून तिथे जाऊन उभा राहिला. पण पुढचं नाव ज्याचं घेतलं गेलं, तो त्याच्याही जरा उजवीकडे. आणि खांब पुन्हा धावत त्याच्यामागे.

बाईंनी हेडफोन नीट बसवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते नानांनी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"अहो, हा माणूस बाकांवरून चाललाय!"

"कोण? कुठे चाललाय?"

"बेटावरचा. असं बघा. वर्गात प्रश्न विचारला की सगळी मुलं 'बाई मी, बाई मी' करत टेबलाभोवती गोळा होतात. एकाचंही बोलणं कळत नाही. मग बाई काय करतात? त्या घोळक्यातून बाहेर पडतात आणि बाकांवरून चालायला लागतात. एका बाकाला विचारलं, पुढच्या बाकाकडे. जो आपल्या जागेवर गप्प बसलाय त्याचं ऐकू येतं. घोळका आपला मागून येतोय, मागल्याच बाकाशी ओरडतोय." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही एकट्या रेघांची ओळ बघा. उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे. जिन्यासारखी."

नाना वाकून बघू लागले. त्यांनी आयुष्यभर नकाशे बघितले होते, आणि जिना समोर असून त्यांना दिसला नव्हता.

"म्हणजे मघाशी कोण होता यापेक्षा..."

"आता तो कुठे जाणार, तिथे आधी जाऊन बसायचं. काढा!"

नानांनी वायर उपटली. बाईंनी कळ हलकेच एकदा दाबली. वायर नसतानाही त्या दांडग्या संचाची धग डबीपर्यंत पोचली आणि रिकाम्या पडद्यावर एक स्वच्छ रेघ उमटली. आपण कुठे आहोत ते बाईंना आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. त्यांनी तबकडी नखभर फिरवली.

"लावा."

नानांनी वायर लावली. बेट "बोला" म्हणालं. "काढा!" बाईंनी हाक मारली. "लावा!" ओ मिळाली ती दुसऱ्याच कुणाला, पण एकच पायरी अलीकडे.

"हुकलं!" नाना हळहळले.

"हुकलं नाही, जवळ आलं. मी जरा पुढच्या बाकावर बसले. आणि बघा, तो आता शेवटच्या बाकापाशी आलाय. पट्टा संपला."

"मग आता?"

"आता पुन्हा पहिल्या बाकापासून."

"कशावरून?"

"अहो, सगळे शिक्षक तेच करतात! मागे पोचल्यावर काय भिंतीतून बाहेर जातात?"

खांब पट्ट्याच्या उजव्या टोकाला जाऊन आदळत होता. सगळं जग तिथे कोंबलेलं. डावीकडे, जिथून जिना सुरू झाला होता, तिथे काळं, रिकामं पाणी. एकही रेघ नाही. बाईंनी तबकडी तिथवर आणली. संच आणखी थोडा तापेल आणि थोडा सरकेल, तेवढं अंतर बोटांनी आधीच राखून ठेवलं.

"काढा."

नानांनी वायर उपटली. बाईंनी आपली खूण एकदाच पाठवली, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, थकलेल्या कानालाही झेपेल अशी.

मग कान टवकारले. समुद्राचा खरखराट. आणि त्यातून ती लंगडी टकटक. बाईंच्या खुणेची शेवटची दोन अक्षरं. आणि पुढे प्रश्नचिन्ह.

बेटावरच्या माणसाने अर्धंच ऐकलं होतं. आणि तिकडे गर्दी काही थांबायला तयार नव्हती. ज्यांच्या नावात ती अक्षरं नव्हती तेही ओरडत होते. बाईंनी पुन्हा पाठवलं. बेटाने पुन्हा तीच दोन अक्षरं म्हटली, पण या वेळी ठासून, वर्गात डस्टर आपटावं तशी. बाकीचे गप्प बसा, असं त्यात ऐकू येत होतं. जगातला तो गोंगाट मिनिटभर दबला. बाईंनी पुन्हा पाठवलं.

नाना वायर हातात धरून उभे होते. लावायची आहे हे ते साफ विसरून गेले होते. त्यामुळे पडद्यावर ना बेट होतं, ना गर्दी, ना खांब. सगळं काळं पाणी, आणि त्यात वरून खाली येणारी एकच उजळ रेघ. बाईंची.

आणि बेटाने बाईंची खूण पुरी म्हटली. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. पुढे आपण कसे ऐकू येतोय त्याचे आकडे. बाईंनी आकडे परत दिले, आभार मानले. बेटाने आभार मानले. एवढंच. पूर्ण व्हायला चहा ढवळण्याइतकाही वेळ लागला नाही.

बाईंनी हेडफोन काढले. नानांनी त्यांच्याकडे बघितलं, विचारायची हिंमत होईना. बाईंनी मान हलवली. मग पुन्हा हलवली. आणि मग नानांनी हातातली वायर अशी काही भिरकावली, की ती त्या ओल्या पंच्यासकट खाली अंगणात गेली.

"अगं बाई! अगं बाई गं! झालं! सगळं जग झालं तुझं!"

"हळू! वरचे खाली येतील."

"येऊ देत! मी त्यांना सांगणारच आहे!"

बाई हसत होत्या आणि त्याच वेळी डोळे पुसत होत्या, आणि दोन्ही एकदम केलं की चष्म्याचं जे होतं ते झालं होतं. पण त्यांनी घड्याळाकडे बघितलं. बेट अजून ऐकू येत होतं. उजेड थोडाच उरला होता.

"फोन द्या."

"लेकीला?"

"तिला नंतर. आधी वकिलांना."

नानांनी फोन लावला आणि बाईंच्या कानाशी धरला, कारण बाईंनी पुन्हा एका कानावर हेडफोन चढवला होता. वकिलांनी उचलला तेव्हा त्यांच्या आवाजातलं तूप पार थिजलं होतं.

"नाही हो बाई. नाही जमत. समोर सगळं दिसतंय आणि हाताला काही लागत नाही. टिचकी मारून मारून बोट सुजलं."

"वकीलसाहेब, टिचक्या मारणं थांबवा आधी. थांबवलंत? आता मी सांगते तिथे जायचं. तो आत्ता मधल्या बाकापाशी आहे."

"बाक? कसला बाक?"

"ते नंतर. पांढरा खांब दिसतोय? त्याच्या उजवीकडे काळी जागा आहे, बोटभर सोडून. तिथे जा."

"पण तिथे तर कोणीच नाही!"

"म्हणूनच सांगतेय! आणि आता गप्प राहा. हाक मारू नका. अजून नाही. अजून नाही..." बाईंचे डोळे मिटलेले होते. लंगडी टकटक एकेकाला ओ देत पुढे सरकत होती. पडद्यावर आता बघायला काही नव्हतं, वायर अंगणात होती, पण एक ओ म्हणजे एक बाक असं मोजत जिना बाईंना ऐकू येत होता. "आता! एकदाच! सावकाश!"

फोनमध्ये वकिलांची टकटक. मग काहीतरी पडल्याचा आवाज, बहुधा खुर्ची. आणि मग वकिलांनी अशी आरोळी ठोकली, की नानांनी फोन हातभर लांब धरला तरी खोलीत सगळं ऐकू येत होतं. कोर्टात ते असे ओरडले असते तर न्यायाधीशांनी बाहेर काढलं असतं.

"बाई! बाई, झालं हो! घेतलं त्याने! पहिल्या हाकेत घेतलं!" आणि मग एकदम ओशाळून, "अरे, पण तुमचं? मी विचारलंच नाही. तुमचं काय झालं, बाई?"

बाईंनी मांडीवर हात पुसले. आजवर हा प्रश्न कुणी विचारला की त्या म्हणत, "एक राहिलंय." जिभेला तेच वळण होतं. ते त्यांनी आवरलं.

"माझं झालं," बाई म्हणाल्या. मग अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सगळं झालं. एकही राहिलं नाही."